चुडामण दिल्लीला असतो

जळगावला चुडामण वायकोळे आणि मी एकाच खोलीत राहायचो. तो कॉमर्सला होता, मी मराठीला. मी धुळ्याचा, देवपुरातला. तो सावद्याजवळच्या एका खेड्यातला, केळीवाल्यांच्या घरातला.

त्याच्याबरोबर बाजारात जाणं अवघड होतं. केळीची हातगाडी दिसली की तो थांबायचा. एक फणी उचलायचा, उलटी करायचा, देठाजवळ बोटानं दाबायचा.

"कुठली?"

"इथलीच की. रावेरकडची."

"मग हिला मारलं कोणी?"

गाडीवाला माझ्याकडे बघायचा. मी चुडामणला ओढून न्यायचो.

त्याचा प्रश्न तसा साधा होता. बागेत घड झाडावर असतो तेव्हा त्याच्यावर डाग नसतो. सावदा स्टेशनात तो वॅगनमध्ये भरतात. घडावर घड, मधे केळीची पानं. दार बंद होतं. मग दिल्लीहून फोन येतो, माल काळा निघाला, भाव पडला. मधल्या वाटेवर काय होतं ते गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. आजोबांच्या वेळेपासून केळी दिल्लीला जात होती. तिच्या मागे बाजार बघायला माणूस एकही गेला नव्हता.

"मला ते मधलं बघायचंय," तो म्हणायचा.

बी.कॉम. झाल्यावर त्याने दिल्लीजवळच्या एका मॅनेजमेंटच्या संस्थेत प्रवेश मिळवला. यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या बाजूला. ब्याण्णव साल होतं. वडिलांना, पितांबर आबांना, पटवायचं बाकी होतं. मी मदतीला गेलो. ओट्यावर आठ-दहा माणसं जमली. संस्थेचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. चुडामण एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होता. त्यात एक अख्खं पान राजधानीजवळ शिकण्याच्या फायद्यांचं होतं. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या जवळ. सरकारी अधिकारी स्वतः येऊन व्याख्यानं देतात. देशातल्या सगळ्यात मोठ्या बाजारात जाऊन काम शिकता येतं. शेवटच्या वर्षी कंपन्या संस्थेत येऊन नोकऱ्या देतात.

आबा ऐकत होते. शेजारी सरपंच रतिलालभाऊ बसले होते. ते गावच्या फ्रूटसेल सोसायटीचे, म्हणजे केळी दिल्लीला पाठवणाऱ्या सोसायटीचे, संचालकही होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"नवी दिल्ली टेसनापासून किती लांब हाये रे भो, तुझी शाळा?"

"बसनं तास-दीड तास, भाऊ."

"मंग जवळच हाये. पाठवा आबा. आपला एक माणूस दिल्लीले पाह्यजेच."

आम्हाला वाटलं, काम झालं.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या गावात आपला माणूस आहे तिथे लॉजवर उतरायचं नाही. उतरलात तर तो त्याचा अपमान. आणि त्याने स्टेशनवर घ्यायला यायचं. नाही आला तर तो आपला अपमान. जळगाव, भुसावळपर्यंत ही रीत चालून जाते. चुडामणचं गाव ती दिल्लीपर्यंत घेऊन गेलं.

पहिल्याच महिन्यात त्याच्या हॉस्टेलवर वैष्णोदेवीला निघालेलं एक कुटुंब उतरलं. मग हरिद्वारची माणसं आली. मग मोठ्या इस्पितळात दाखवायला आलेले, खासदारांच्या बंगल्यावर अर्ज द्यायला आलेले, सैन्यातल्या जावयाला भेटायला निघालेले. गावात कोणी दिल्ली म्हटलं की दुसरा लगेच म्हणायचा, "मंग काय, चुडामण दिल्लीले असतो ना." सावद्याची माणसं म्हणायची, फैजपूरची म्हणायची. पुढे पाचोऱ्याचे एक मास्तर येऊन राहून गेले. ते कोण, हे त्याला अजून माहीत नाही.

सुट्टीत तो घरी आला की आबांच्या ओट्यावर गर्दी. सोसायटीच्या कचेरीत आबांना आता खुर्ची मिळायची. पूर्वी ते बाकावर बसायचे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मी त्याच्याकडे गेलो. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो. तो स्टेशनवर आला होता. मी हात हलवला. त्याने लांबूनच सांगितलं, "थांब, झुंबराक्का मागच्या डब्यात आहे."

झुंबराक्का त्याच्या गल्लीतली. डोळ्याच्या ऑपरेशनला आली होती. बरोबर मुलगा, सून, भरताच्या वांग्यांची पिशवी आणि कळण्याच्या भाकरी. चुडामणने तिच्या पायांना हात लावला. तिने त्याची हनुवटी धरून त्याला निरखलं.

"किती वाळला रे पोऱ्या. दिल्लीचं पानी लागलं का?"

"नाही अक्का. दिल्लीची माणसं लागली."

"लागतीन बापा, परकीच ती," ती म्हणाली.

हॉस्टेलच्या फाटकावरचा चौकीदार बिहारचा होता. आम्हाला बघून तो उठला आणि म्हणाला, "कसं काय भो." चुडामणच्या खोलीतला बंगाली मुलगा उशी उचलून दुसरीकडे झोपायला गेला. त्याला सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्काला घेऊन इस्पितळात गेलो. चुडामणला तिथली प्रत्येक खिडकी माहीत होती. रांगेत उभं राहून त्याने पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागला.

"अभ्यास कधी करतोस?" मी विचारलं.

"हा काय, करतोय."

"सांगत का नाहीस त्यांना, जमणार नाही म्हणून?"

त्याने पान उलटलं. "अक्काला सांग तू. ती बघ, समोर बसलीय."

मी अक्काकडे पाहिलं. तिने मान वर करून हवेत हात हलवला. आम्ही कुठे उभे होतो ते तिला दिसत नव्हतं.

पण संस्थेने त्याला काही दिलंच नाही, असं नाही. एका सकाळी तो मला आझादपूरच्या बाजारात घेऊन गेला. माझा मित्र कसा माणूस आहे ते मला त्या दिवशी कळलं. वॅगनमधून आलेले घड ट्रकमधून उतरवत होते. उतरवत होते म्हणजे टाकत होते. खालच्या थराचे घड चेपून काळे झालेले. एका घडाजवळ तो बसला.

"हा आपल्याकडचा."

मग त्याने दाखवलं. हा डाग भरताना पडला. हा वॅगनमध्ये, वरच्या वजनानं. हा आत्ता, इथे. दीड वर्ष तो इथे येत होता. एका सरदारजी आडत्याशी त्याची ओळख झाली होती. माल पिकवायच्या खोल्यांत तो मजुरांबरोबर बसला होता. व्याख्यानाला आलेल्या एका अधिकाऱ्याला गाठून त्याने परदेशातली केळी कशी येतात ते विचारून घेतलं होतं. त्याचं सगळं प्रोजेक्ट यावर होतं. घड पाठवायचाच नाही. बागेतच फण्या कापायच्या, धुवायच्या, खोक्यात भरायच्या. प्राध्यापकांनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं.

"जळगावात राहून हे कळलं नसतं," तो म्हणाला. "माहितीपत्रकात लिहिलं होतं ते खरं आहे. सगळे फायदे खरे आहेत."

पुढच्या मंगळवारी एक फळांची कंपनी संस्थेत मुलाखती घ्यायला येणार होती. ती खोक्यातल्या केळीचं काम सुरू करणार होती. त्यासाठी जळगाव भागात एक माणूस हवा होता.

"ही नोकरी माझी आहे," चुडामण म्हणाला. असं तो कधी बोलत नसे.

सोमवारी संध्याकाळी तार आली. रतिलालभाऊ शिष्टमंडळ घेऊन निघाले होते. सावदा स्टेशनात एक्स्प्रेस थांबावी म्हणून रेल्वेला निवेदन द्यायचं होतं. मंगळवारी सकाळी पोचतो, घ्यायला ये.

चुडामणने तार वाचून माझ्या हातात दिली.

"मी जातो स्टेशनवर," मी म्हणालो. "तू कोट घाल आणि मुलाखतीला जा."

स्टेशनवर सहा पांढऱ्या टोप्या उतरल्या. खासदारांना भेट द्यायला गोणपाटात गुंडाळलेला एक घड होता. रतिलालभाऊंनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"चुडामण कुठी?"

"त्याची मुलाखत आहे भाऊ, अकराला. नोकरीची. मी तुम्हाला बंगल्यावर घेऊन जातो."

"मुलाखत? आज?" त्यांनी बाकीच्यांकडे वळून पाहिलं. "ऐकलं का रे? मंग आधी तठीच जायले पाह्यजे."

"तिथे कशाला, भाऊ?"

"कशाले म्हन्जे? पोऱ्याले पाहाले लोक आले अन् बैठकीत घरचं कोनीच नही? काय म्हनतीन ते? याच्या मागं कोनी हाये का नही?"

"भाऊ, तिथे घरचे लोक नसतात."

"दुसऱ्यांचे नसतीन. आपन हावो ना."

मी खूप सांगून पाहिलं. शेवटी एकजण मला समजावत म्हणाला, "मास्तर, आमी काही मधात बोलनार नही. नुसते बसू. चार मानाची माणसं दिसली पाह्यजेत." आमच्याकडे सोयरीक जुळवताना असंच असतं. चार माणसं बसतात, पाणी पितात, मुलाचं चांगलं सांगतात. त्यावर लग्न ठरतं.

आम्ही बसने संस्थेत पोचलो. मुलाखतीच्या खोलीबाहेर कोट घातलेली मुलं रांगेत बसली होती. त्यांच्या समोरच्या बाकावर सहा टोप्या बसल्या. घड मधे ठेवला. चुडामण आत होता. बराच वेळ आत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. मग त्याने बाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मी थांबवून पाहिलं," मी म्हणालो.

"फक्त केळीवरच विचारलं," तो हळूच म्हणाला. "फळ्यावर काढून दाखवलं मी. खोकं कसं असावं ते."

तेवढ्यात कंपनीचे साहेब चहासाठी बाहेर आले. खन्ना त्यांचं नाव. ते घड पाहून थांबले. रतिलालभाऊ उठले, टोपी नीट केली आणि हात जोडले.

"नमस्कार साहेब. हम लोग चुडामण के गाँव से आया है. मैं सरपंच."

"अच्छा, अच्छा."

"लडका एकदम हिरा है साहेब. हमारा पूरा इलाका का दिल्ली का काम येच करता है."

"भाऊ," चुडामण म्हणाला.

"तू गप. साहेब, इस्पितल में नंबर लगाव, येच लगाता. बंगले का पास, येच निकालता. रेल्वे का रिजर्वेशन नहीं मिलता ना, इसको बोलो. मिलता. कौनसा दफ्तर में कौनसा बाबू, सब इसको मालूम. रात को गाडी आव, दिन को आव, ये टेसन पे खडा. कभी नहीं बोला नहीं."

बाकीच्या पाच टोप्या हलल्या. "कभी नहीं बोला नहीं," एकाने पुन्हा सांगितलं.

खन्नासाहेब आधी हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी चुडामणकडे नीट पाहिलं, मुलाखतीत पाहिलं असेल त्याहून नीट.

"किसी मिनिस्ट्री में भी पहचान है?"

चुडामण काही बोलायच्या आत रतिलालभाऊ म्हणाले, "सब में."

संध्याकाळी फळ्यावर नावं लागली. चुडामणचं नाव सगळ्यात वर होतं. त्याच्यापुढे लिहिलं होतं, दिल्ली ऑफिस, संपर्क अधिकारी. म्हणजे परवानग्या काढायच्या, फायली पुढे सरकवायच्या आणि बाहेरगावचे साहेब आले की त्यांना उतरवून घेऊन फिरवायचं. जळगावच्या जागेवर कानपूरच्या एका मुलाचं नाव होतं. तो चुडामणच्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने हसत येऊन विचारलं, "यार, केले का पेड कितना बडा होता है?"

रतिलालभाऊंनी पेढे आणले. "पर्मनंट दिल्ली!" त्यांनी चुडामणला मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. मला कुठे बघावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी चुडामणने त्यांना रेल्वेच्या कचेरीत नेलं. निवेदन दिलं. फोटो काढला. तिथून आम्ही दोघे खन्नासाहेबांच्या ऑफिसात गेलो. जागा बदलून द्या, एवढंच त्याला मागायचं होतं. साहेब चांगलं बोलले. चहा दिला.

"प्रोजेक्ट बढिया था तुम्हारा," ते म्हणाले. "लेकिन केला तो कोई भी सीख लेगा, बेटा. दिल्ली सिखाई नहीं जाती."

त्याने विचार करायला वेळ मागितला. आबांनी सोसायटीच्या फोनवरून त्याला हॉस्टेलच्या फोनवर बोलावून घेतलं. मी शेजारी उभा होतो. आबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"काबरं विचार करतो? हो म्हन ना!"

"आबा, मला केळीचं काम पाहिजे."

"केयी घरी हाये! त्याच्यासाठी तुले दिल्लीले धाडलं का?"

"त्याच्यासाठीच धाडलं होतं."

मग फोन कट झाला.

चुडामणने नोकरी घेतली नाही. परीक्षा दिली आणि मे महिन्यात ट्रंक घेऊन घरी आला. हे मला धुळ्याला कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून पुन्हा बसलो. असं काही तो करेल, असं मला वाटलं नव्हतं. त्याने कभी नहीं बोला नहीं, ते खरं होतं.

गावाने त्याला माफ केलं नाही. नापास होऊन आला असता तर केलं असतं. बाजारात रतिलालभाऊंनी त्याला अडवून विचारलं, "आता आमी दिल्लीले कुठी उतरावं रे?" त्यांना खरंच उत्तर हवं होतं. सांगून आलेली दोन स्थळं गप्प बसली. लोकांनी मनातल्या मनात काहीबाही ठरवलं. दारू असेल, मुलगी असेल. आबा सोसायटीत जाईनासे झाले. मुलाशी बोलणं त्यांनी बंद केलं. जेवताना ते चुडामणच्या आईला, धुरपदाबाईंना, सांगायचे, "त्याले भाजी वाढ." तो समोर बसलेला असायचा.

त्याने स्वतःच खोकी करायचं ठरवलं. सोसायटी वॅगनमध्ये खोकी घेईना. घडांचा हिशेब घडांत, मधे खोकी कुठून आली, असं त्यांचं म्हणणं. कानपूरचा मुलगा जळगावला येऊन लॉजवर राहत होता. तो दोनदा चुडामणकडे विचारायला आला. चुडामणने त्याला सगळं सांगितलं. त्याच्या जागी मी असतो तर सांगितलं नसतं.

डिसेंबरात त्याने घरच्या बागेचा एक ट्रक भरला. आबांनी नको म्हटलं नाही, हातही लावला नाही. धुरपदाबाई आणि शेजारच्या चार बायकांनी फण्या कापल्या, धुतल्या, खोक्यांत लावल्या. मी सुट्टीत तिथेच होतो. तशी केळी मी आधी पाहिली नव्हती. ट्रक आझादपूरला त्या सरदारजी आडत्याकडे गेला.

सोसायटीच्या फोनवर निरोप आला. फोन रतिलालभाऊंनी घेतला. ओट्यावर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. टोमणा नव्हता त्यात, वाईटच वाटलं होतं त्यांना.

"सरदार लग्नाले गेल्लता म्हने, लुधियान्याले. हमालांनी खोके फोडले अन् ढीग लावला. घडाच्या भावातच गेलं बठ्ठं. त्याच्याहून कमी."

चुडामणने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्यांना खोकं माहीतच नाही," तो म्हणाला. "कोणीतरी उभं राहून सांगायला पाहिजे होतं."

"मंग तू काबरं नही गेला?"

हे आबा बोलले होते. खांबाला टेकून, रस्त्याकडे बघत. मे महिन्यापासून पहिल्यांदा.

आबा आपल्याशीच बोलले, हे चुडामणला क्षणभर कळलं नाही.

"इथं भरायला कोण होतं आबा? मी तिथं गेलो तर इथं घड मारतात. इथं राहिलो तर तिथं." त्याचा आवाज चढला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "दोन वर्षं पूर्ण तालुक्याच्या कामाला मी स्टेशनावर उभा होतो. माझ्या एका ट्रकासाठी दिल्लीत कोणी नाही!"

रतिलालभाऊंनी खाली पाहिलं.

"पुढचा ट्रक कधी?" आबांनी विचारलं.

"पुढचा कुठला आता."

"बाग उभी हाये. कधी, ते सांग."

"कापणी झाली तर आठवड्यानं. पण तिथं जाईल कोण? तुम्ही जाता?"

त्याने ते चिडून विचारलं होतं. आबांनी ते तसं ऐकलं नाही.

"मले हिंदी येत नही," ते म्हणाले.

"रतिलालभाऊले कुठी येते?" चुडामण म्हणाला.

एकजण हसला आणि लगेच थांबला. रतिलालभाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं. आबा उठले. धोतर झटकलं. कोणाकडे न बघता घरात गेले. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ काहीतरी उचकणं चाललं होतं.

मग धुरपदाबाई दाराशी आल्या.

"चुडामण, तुझे आबा विचारून राह्यले, तठी थंडी किती असते?"

चुडामण माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे तोंड करून, आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"स्वेटर लागीन म्हना."